घर कुठं, त्यावर फी

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, आणि मेडिकलच्या वाटेवर असलेल्या मुलांना ‘डोमिसाइल’. मुलगा महाराष्ट्रातलाच आहे, असं एकदा सहीशिक्क्यानिशी कागदावर आलं, की राज्याच्या कोट्यातली जागा मागता येते. म्हणजे आपल्याकडे डोमिसाइलचा प्रश्न मुख्यतः दाराशी येतो. अमेरिकेत तोच प्रश्न आत गेल्यावर पुन्हा एकदा, फीच्या खिडकीपाशी उभा राहतो. तिथल्या सरकारी विद्यापीठात एकाच वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची फी वेगवेगळी असते. त्या राज्याचा रहिवासी असेल त्याला ‘इन-स्टेट’ फी, बाहेरचा असेल त्याला ‘आउट-ऑफ-स्टेट’ फी. दुसरी पहिलीच्या दीडपट, कधी दुप्पट, पदवीच्या वर्गात तर कधी तिप्पटसुद्धा.

फीतला असा फरक आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात पन्नासच्या दशकात मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत; राज्यातल्यांना ती माफ असे. दिल्लीत राहणाऱ्या जोशी नावाच्या विद्यार्थ्यानं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५५ मध्ये न्यायालयानं बहुमतानं निकाल दिला, की जन्मस्थानावरून भेद करणं वेगळं आणि रहिवासावरून करणं वेगळं. राज्यानं आपल्या रहिवाशांना फीत सवलत दिली तर ते घटनेच्या विरुद्ध नाही. अमेरिकेतली राज्यं आपल्या बाजूनं जे म्हणतात ते जवळजवळ हेच.

ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या निबंधक कचेरीत मी सतरा वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षं माझ्या टेबलावर एकाच मागणीचे अर्ज येत. ‘मला आता या राज्याचा रहिवासी माना आणि माझी फी कमी करा.’ आज त्याविषयीच बोलायचं आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं, भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत, आणि हा विषय बहुतेकांना एक वर्ष उशिरा कळतो.

आधी हा फरक का, ते पाहू. तिथली सरकारी विद्यापीठं केंद्र सरकारची नाहीत, एकेका राज्याची आहेत. राज्याचे लोक कर भरतात, त्यातून विद्यापीठाला अनुदान मिळतं, म्हणून त्या लोकांच्या मुलांना शिक्षण स्वस्त. शेजारच्या राज्यातल्या मुलाच्या आईवडिलांनी इथं कर भरलेला नसतो, तेव्हा त्यानं पुरा खर्च द्यावा, असा सरळ हिशेब. खासगी विद्यापीठांत हा प्रश्नच नाही. हार्वर्डला मॅसॅच्युसेट्सचा मुलगा आणि नागपूरचा मुलगा सारखीच फी भरतात.

आता ‘प्रोफेशनल स्कूल’. आपल्याकडे बारावीनंतर मुलगा सरळ एमबीबीएसला किंवा बीडीएसला जातो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, मग डॉक्टरी, दंतवैद्यक, पशुवैद्यक, कायदा यांच्या शाळेत प्रवेश. डॉक्टरीला आणखी चार वर्षं, कायद्याला तीन. विद्यार्थी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, कधी तिशीतलाही असतो. जागा कमी असतात, त्यामुळे जिथं प्रवेश मिळेल तिथं जावं लागतं. पशुवैद्यकाची शाळाच नाही अशी राज्यं पुष्कळ आहेत. अलास्का आणि वायोमिंग यांच्याकडे तर स्वतःची दंतवैद्यकाची शाळाही नाही. अशा राज्यातल्या मुलाला बाहेर जाण्याखेरीज इलाज नसतो, आणि बाहेर गेलं की फी चढीच.

ही गोष्ट नेहमीच महत्त्वाची होती, पण आता तिची किंमत वाढली आहे. २००६ पासून अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला प्रोफेशनल स्कूलसाठी ‘ग्रॅड प्लस’ नावाचं सरकारी कर्ज मिळत आलं. फी, घरभाडं, जेवणखाण असा जो काय वर्षाचा खर्च शाळा सांगेल, तितकं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली, आणि प्रोफेशनल विद्यार्थ्याच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा घातली. बाहेरच्या राज्यातल्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च कित्येक ठिकाणी याच्या खूप वर जातो. वरची रक्कम आणायची कुठून? खासगी बँकेकडून, जास्त व्याजानं, आणि बहुधा आईवडिलांच्या सहीवर. तेव्हा दोन फींमधला वर्षाला वीस-तीस हजारांचा फरक हा आता घर गहाण टाकायचं की नाही, इथवर जाऊन पोहोचणारा प्रश्न आहे.

मग साहजिकच मनात येतं, की पहिलं वर्ष बाहेरचा म्हणून जास्त फी भरली, वर्षभर त्या राज्यात राहिलो, तर दुसऱ्या वर्षी मी तिथला रहिवासी झालो की नाही?

याचं उत्तर राज्याराज्यात वेगळं आहे, आणि तसं ते का आहे हे कळायला पन्नासएक वर्षं मागं जावं लागेल. कनेटिकट राज्यानं १९७१ मध्ये नियम केला होता, की प्रवेशाचा अर्ज करताना जो बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. क्लाइन नावाच्या एका विद्यार्थिनीनं कॅलिफोर्नियातून अर्ज केला, दरम्यान कनेटिकटच्या रहिवाशाशी लग्न केलं आणि तिथं राहायला आली. ड्रायव्हिंग लायसन्स कनेटिकटचं, गाडीची नोंदणी तिथली, मतदारयादीत नाव तिथलं. तरी विद्यापीठाच्या लेखी ती बाहेरचीच. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की राज्याला आपल्या लोकांकडून कमी फी घेण्याचा हक्क आहे, पण ‘मी आता इथलीच आहे’ हे सिद्ध करण्याची संधीच न देणं हा अन्याय आहे.

निकालाची ही बाजू सगळे सांगतात. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. राज्यानं खऱ्या रहिवासाची पारख करावी, त्यासाठी वाजवी मुदत घालावी, याला न्यायालयानं मुळीच हरकत घेतली नाही. मिनेसोटातला वर्षभराच्या रहिवासाचा नियम तर त्याआधीच, १९७१ मध्ये, त्यानं कायम केला होता. पदवी ही कुठंही बरोबर नेता येणारी चीज आहे. चार वर्षं स्वस्तात शिकून पाचव्या वर्षी निघून जाणाऱ्यापासून राज्यानं स्वतःला जपावं, हा विचार त्यामागं आहे. थोडक्यात, दार उघडं ठेवा असं न्यायालयानं सांगितलं; उंबरठा किती उंच ठेवायचा हे राज्यांवर सोडलं.

बहुतेक राज्यांत दोन गोष्टी पाहतात. एक, सलग बारा महिने तिथं राहिलात का? ही सोपी आहे. दुसरी, इथंच घर करायचा तुमचा हेतू आहे का? खरी गोम इथं आहे. माणूस एका राज्यात शाळेसाठी आला की त्याच्या येण्याचं कारणच मुळी शाळा असतं. शाळा नसती तर तो आला असता का? बहुधा नाही. मग बारा महिने राहिला म्हणून तो तिथला कसा झाला, असं राज्य विचारतं.

वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात हे अगदी उघड लिहिलं आहे. सहापेक्षा जास्त क्रेडिट तासांचा अभ्यास करणारा नवागत मुख्यतः शिक्षणासाठीच आला आहे, असं तिथं गृहीत धरतात. प्रोफेशनल शाळेत सहा तासांत भागत नाही. सगळा दिवस जातो. म्हणजे उलट पुरावा देण्याचं ओझं विद्यार्थ्यावर. मिशिगन आणि व्हर्जिनिया याच पंथातले. टेक्सासमध्ये बारा महिन्यांच्या रहिवासाबरोबर राज्यात मुळं रुजल्याचा पुरावा लागतो. पोटापाण्याची नोकरी, स्वतःचा व्यवसाय, स्वतःच्या मालकीचं राहतं घर, किंवा तिथल्या रहिवाशाशी लग्न. विद्यार्थी म्हणून मिळालेलं विद्यापीठातलं काम नोकरीत धरत नाहीत. मेडिकलच्या मुलाला नोकरी करणं कुठलं जमायला? म्हणून तिथं काही मुलं पहिल्याच महिन्यात लहानसा फ्लॅट विकत घेतात. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच पैसा वाचवण्याचा मार्ग मिळतो, हे मला कधीच पटलं नाही. पण नियम तसा आहे.

या मानानं आमचं ओहायो प्रोफेशनल विद्यार्थ्यांना बरंच सोयीचं. डॉक्टरी, दंतवैद्यक, पशुवैद्यक यांना बाहेरून आलेली पुष्कळ मुलं दुसऱ्या वर्षापासून तिथं इन-स्टेट फी भरतात. मात्र ओहायोची एक अट आहे आणि ती भल्याभल्यांना दगा देते. आधीच्या बारा महिन्यांत विद्यार्थ्यानं ओहायोबाहेरच्या कुणाकडूनही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, आर्थिक मदत घेतलेली चालत नाही.

हे वाक्य आपल्या माणसांच्या घशाखाली उतरत नाही. एक प्रसंग सांगते. न्यू जर्सीत स्थायिक झालेलं मराठी कुटुंब. मुलगी तिथंच जन्मलेली, दंतवैद्यकाला ओहायोत आलेली. बाकी तिनं सगळं बरोबर केलं होतं. लायसन्स ओहायोचं, बँकेचं खातं ओहायोतलं, सुट्टीतही ती तिथंच राहिली. पण वर्षभराच्या जमाखर्चाचा कागद तिनं अर्जासोबत जोडला, त्यात दर महिन्याच्या एक तारखेला न्यू जर्सीहून आलेले ९०० डॉलर दिसत होते. वडील घरभाडं भरत होते. अर्ज नामंजूर झाला.

चार दिवसांनी वडिलांचा फोन आला. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यानं कॉलेजच्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी संमतीखेरीज साधारणपणे आईवडिलांनाही देता येत नाही. ती संमती तिनं पाठवली होती, म्हणून बोलता आलं. माझं आडनाव ऐकल्यावर ते इंग्रजीतून मराठीत आले.

“मॅडम, मुलीला पैसे पाठवू नका म्हणणारा कायदा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.”

“अहो, पाठवू नका असं तो म्हणत नाही. पाठवलेत तर तिचं घर अजून तुमच्याकडे आहे, असं धरतो.”

“मग ते आहेच की ताई! लेकीचं घर बापाकडे नाही तर कुणाकडे?”

यावर मी काय बोलणार? आपल्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि ओहायोच्या दृष्टीनं नेमकं तेच त्या अर्जातलं वैगुण्य होतं. पंचवीस वर्षांची मुलगी, तिचा खर्च न्यू जर्सीतून चालतो, तर ती न्यू जर्सीच्या घरातली. राज्य एवढंच बघतं.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र व्यवहारी होता. भाऊबीजेला भावानं १०१ डॉलर ओवाळणी पाठवली तर तीही मदत का? असल्या ओवाळणीवरून मी कुणाचा अर्ज फेटाळलेला नाही. वर्षभर पोट कशावर चाललं, हे आम्ही पाहत असू. स्वतःच्या नावावरचं सरकारी शैक्षणिक कर्ज, आधीच्या नोकरीतली स्वतःची शिल्लक, सुट्टीतल्या कामाचा पगार, हे सगळं चालतं. दुसऱ्या राज्यातल्या वडिलांनी हमी राहून काढून दिलेलं कर्ज अडचणीचं ठरू शकतं. त्या मुलीनं ऑगस्टपासून घरचे पैसे बंद केले, राहण्याखाण्यासाठी स्वतः कर्ज घेतलं, आणि तिसऱ्या वर्षी तिची फी उतरली. मधलं एक पूर्ण वर्ष मात्र चढ्या दरानं गेलं. महिन्याच्या ९०० प्रमाणे वडिलांनी वर्षात जितके पाठवले, त्याच्या दुपटीच्या आसपास रक्कम त्या एका वर्षाच्या फरकात गेली.

यात आणखी एक घोटाळा होतो. सरकारी कर्जाच्या अर्जावर प्रोफेशनल विद्यार्थ्याला आपोआप ‘स्वतंत्र’ धरतात. आईवडिलांच्या उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. मुलं समजतात, सरकारनं मला स्वतंत्र म्हटलंय, झालं. पण कर्जाच्या कामातलं स्वतंत्र आणि फीच्या कामातलं स्वतंत्र हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिलं केंद्राचं, दुसरं राज्याचं. वडिलांनी आपल्या करविवरणात मुलाला अवलंबून दाखवलं असेल, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्याच एका ओळीवर अर्ज अडू शकतो.

हेतू मनात असतो. कचेरी तो कागदांवरून वाचते. म्हणून कागद लवकर करावेत, अर्जाच्या आदल्या आठवड्यात नव्हेत. ड्रायव्हिंग लायसन्स नव्या राज्याचं घ्यायचं. यालाही मुदती आहेत. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर लायसन्सला १० दिवस आणि गाडीच्या नोंदणीला २० दिवस, टेक्सासमध्ये लायसन्सला ९० आणि गाडीला ३० दिवस. कागदावरची तारीख बोलते. राज्याचं आयकर विवरण तिथला रहिवासी म्हणून भरायचं. जुन्या राज्यात अजून रहिवासी म्हणून भरत असाल तर दोन ठिकाणची घरं एकमेकांना खोटं पाडतात. (टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथं पगारावर राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तिथं हा कागदच नसतो.) भाडेकरार, विजेचं बिल, बँकेचं खातं हे दुय्यम, पण लागतात. आणि मे महिन्यात शाळा सुटली की तीन महिने घरी जाऊन राहायचं, ही सवय सोडायची.

यादीत ‘मतदार नोंदणी’ हा एक शब्द जवळपास सगळीकडे दिसतो. इथं मी सगळ्यांना हात जोडून सांगत असे. तो फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्ड असलेल्या किंवा व्हिसावरच्या मुलानं फी वाचवण्याच्या नादात मतदारयादीत नाव घातलं, तर नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यासारखं होतं, आणि त्यापायी देश सोडायची पाळी येऊ शकते.

व्हिसाचा विषय निघालाच आहे, तर पुण्यामुंबईहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांचं काय, ते सांगते. त्यांना ही वाट बहुतेक सगळीकडे बंद आहे. ‘एफ-१’ व्हिसाच्या व्याख्येतच असं आहे, की मायदेशी माझं घर आहे आणि ते सोडण्याचा माझा इरादा नाही. मुंबईतल्या वकिलातीच्या खिडकीवर ‘मी परत येणार’ असं सांगायचं आणि विद्यापीठाच्या खिडकीवर ‘आता माझं घर इथंच’ म्हणायचं, हे एकाच तोंडानं जमण्यासारखं नाही. दहा वर्षं राहिलात तरी त्यानं फरक पडत नाही. ‘एच-१बी’ या नोकरीच्या व्हिसाचं तसं नाही. १९९० च्या कायद्यानं तिथं कायम राहण्याचा इरादा ठेवायला मोकळीक दिली, म्हणून एच-१बीवाले आणि ‘एच-४’ व्हिसावरची त्यांची बायकामुलं पुष्कळ राज्यांत रहिवासी ठरू शकतात. परदेशी माणूस म्हणून सरसकट दार बंद करता येत नाही, हे मेरीलँड विद्यापीठाच्या खटल्यात १९८२ मध्ये ठरलं. तिथं आंतरराष्ट्रीय संस्थांमधल्या नोकरदारांच्या मुलांचा प्रश्न होता. त्यांच्या व्हिसाला केंद्रानं घर करण्याची मुभा दिली असताना राज्यानं ती फीच्या मार्गानं काढून घेऊ नये, असं न्यायालयानं म्हटलं.

पण एच-४ ची मुदत मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला संपते. भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. चौथ्या वर्षी आईवडिलांचं बोट धरून ओहायोत किंवा टेक्सासमध्ये आलेला मुलगा तिथल्याच शाळेत शिकतो, तिथल्याच कॉलेजात इन-स्टेट फीनं पदवी घेऊ लागतो, आणि एकविसाव्या वर्षी त्याला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. प्रोफेशनल शाळेचं वय त्यानंतर सुरू होतं. तेव्हा पुष्कळ ठिकाणी तो आपल्याच गावात परदेशी ठरतो, आणि सरकारी कर्जाचीही सोय त्याला नाही. काही राज्यांनी तिथल्या हायस्कुलात ठरावीक वर्षं काढलेल्या मुलांसाठी वेगळी सवलत ठेवली आहे. ती अशा मुलाला लागू होते का, हे त्या त्या राज्याचा नियम ओळ न ओळ वाचूनच पाहावं. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांत सगळ्यांत जड हे अर्ज असत. त्या मुलांचे उच्चार माझ्यापेक्षा अस्सल ओहायोचे होते.

रहिवासी न होताही फी कमी होण्याच्या काही वाटा आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला करार करून एक मंडळ स्थापन केलं. ज्या राज्यात पशुवैद्यकाची किंवा दंतवैद्यकाची शाळा नाही, ते आपल्या मुलाला शेजारच्या राज्यात पाठवतं आणि त्याच्या फीचा भार काही प्रमाणात स्वतः उचलतं. मोबदल्यात काही राज्यं मुलानं परत येऊन तिथं सेवा करावी अशी अट घालतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची मेडिकल शाळा वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या चार राज्यांची मुलं आपली म्हणूनच घेते. १९७० च्या दशकापासून ही योजना चालू आहे. टेक्सासमध्ये स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ इन-स्टेट फी लावू शकतं. ही वाट परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे. एक हजाराच्या शिष्यवृत्तीवर कित्येक हजार वाचतात, म्हणून तिथं छोट्या शिष्यवृत्तीलाही नाक मुरडू नये. सैन्यातून आलेल्यांसाठी केंद्राचे वेगळे कायदे आहेत. लग्नाची वाटही आहे, पण ती फीसाठी धरावी असं मी कुणाला सुचवणार नाही.

कुठं इतका आटापिटा करायचा, याचाही विचार हवा. मिशिगन आणि व्हर्जिनिया या दोन नामांकित सरकारी विद्यापीठांच्या कायद्याच्या शाळेत दोन फींमधला फरक वर्षाला तीन-चार हजार डॉलरचाच आहे, आणि रहिवासाचे नियम कडक. तिथं वर्षभर घरचे पैसे नाकारून, सुट्टीत घरी न जाऊन मिळवायचं फारसं काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोफेशनल विद्यार्थ्यावरचा बाहेरचेपणाचा जादा आकार बरीच वर्षं १२,२४५ डॉलर होता. तिथं कायद्याची मुलं दुसऱ्या वर्षी रहिवासी होण्याचा प्रयत्न हमखास करतात, आणि अटी पाळल्या तर ते जमतंही. म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच शाळेच्या कचेरीला दोन प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या अभ्यासक्रमाची बाहेरून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी इन-स्टेट होतात का? आणि होत असतील, तर पहिल्या दिवसापासून काय करावं लागेल? ज्या शाळांत हे नेहमी घडतं, त्या मोकळेपणानं सांगतात. जिथं ‘प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार होतो’ एवढंच उत्तर येतं, तिथं चारही वर्षांची चढी फी धरूनच बजेट करावं.

आणि तारखा. कॅलिफोर्नियात सत्राच्या ठरावीक तारखेआधी एक वर्षाहून जास्त, म्हणजे किमान ३६६ दिवस तिथं झालेले असावे लागतात. विद्यापीठाच्या गावातले भाडेकरार बहुधा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात आणि वर्गही त्याच सुमारास. वर्ग सुरू झाल्यावर पोहोचलेल्या मुलाचे पुढच्या ऑगस्टात दोन-चार दिवस कमी भरतात, आणि मग निदान ते सत्र तरी चढ्या फीनं जातं. जून-जुलैत येऊन जुन्या भाडेकरूकडून उरलेल्या महिन्यांची खोली घेतली, तर महिना-दोन महिन्यांचं भाडं जादा पडतं. पण तेवढ्या दिवसांत लायसन्स, बँकेचं खातं आणि गाडीची नोंदणी ही तिन्ही कामं वर्ग सुरू व्हायच्या आत उरकतात.